आणि मग ते बोलत बसले

पडदेवाल्या काकूंच्या डोळ्यांना नेमकं काय झालं होतं, हे लोकांना सांगता सांगता त्यांच्या नाकी नऊ यायचे. आंधळ्या म्हणावं तर दारात कोण आलं ते त्या बरोबर ओळखायच्या, आणि डोळस म्हणावं तर त्याच माणसाकडे तोंड करून पाहिलं की त्याचा चेहराच गायब. नजरेच्या मधोमध एक करडा डाग येऊन बसला होता. कडेकडेचं मात्र सगळं शाबूत होतं. त्यामुळे ज्याला पाहायचं त्याच्याकडे त्या कधी पाहायच्याच नाहीत. भाजीवाल्याशी बोलताना त्या विजेच्या खांबाकडे पाहायच्या, डॉक्टरांशी बोलताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. भाजीवाल्याला वाटायचं, बाई घुश्शात आहेत, आणि तो घाबरून दोन मिरच्या जास्त टाकायचा.

उभं आयुष्य त्यांनी पडदे शिवले होते. पडद्यांच्या दुकानामागे एक लांबट खोली होती, तिथे तीन मशिनी आणि कापडाचे उभे केलेले गठ्ठे. लोकांच्या खिडक्यांची मापं कागदावर यायची आणि काकू त्यांना चुण्या, अस्तर, झालर लावून परत पाठवायच्या. त्या घरांपैकी एकही घर त्यांनी आतून पाहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, शिवणकामाचा डोळ्यांशी काही संबंध नाही, वय झालं एवढंच. काकूंना ते पटलं नाही. एवढी राबले त्याचं काहीतरी फळ मिळायला नको का, असं त्या म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या.

मशीन सुटलं त्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. वाचन सुटलं, त्याने मात्र जीव तळमळला. कारण नेमकी त्याच सुमारास ‘अथांग’ मालिका ऐन भरात आली होती.

‘अथांग’ म्हणजे सहा जाडजूड पुस्तकांची प्रेमकथा. समुद्राच्या तळाशी मत्स्यमानवांचं राज्य. राजाचा धाकटा मुलगा, कमरेच्या वर देखणा पुरुष आणि खाली मासा. आणि किनाऱ्यावर मिठागरात राबणारी एक मुलगी. ती समुद्राचं पाणी वाफ्यांत अडवायची, उन्हात आटवायची आणि मीठ ओढायची; म्हणजे हिचं पोट चालायचं ते त्याचं घर वाळवून. एवढ्या एका गोष्टीवर काकू पहिल्या भागात घळाघळा रडल्या होत्या. धाकटा तिला भेटायला किनाऱ्यावर आला की त्याच्या शेपटीचे पाय व्हायचे, पण दर खेपेला त्याच्या अंगावरचा एक खवला गळायचा, आणि शेवटचा खवला गळेल त्या दिवशी त्याला कायमचं ठरवावं लागणार होतं, पाणी की जमीन. लेखिका हुशार. तिने ते खवले सहा भागांत पुरवून पुरवून गाळले.

पहिले दोन भाग काकूंनी स्वतः वाचले, तेही दुकानात, मशीनच्या खणात पुस्तक उघडं ठेवून. मालक आला की गुडघ्याने खण बंद. त्या दोन भागांत चांदण्यातल्या भेटी होत्या, ओल्या केसांतून फिरणारी बोटं होती, आणि धाकटा मिठागरवालीच्या कानाशी जे काही बोलायचा ते वाचताना काकूंची शिवण हमखास वाकडी जायची. गावात एका घरात त्या काळातला एक तिरका पडदा अजून लटकत असेल.

आता काकांविषयी सांगायला हवं. काका बसस्थानकात निवेदक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येणार, कुणाची पेटी सापडली, हे सगळं गावाला त्यांच्या तोंडून कळायचं. आवाज असा खणखणीत, की त्यांनी सांगितलं म्हणजे गाडी येणारच असं वाटावं. अख्ख्या गावाला तो आवाज पाठ होता. घरात मात्र काका मूग गिळून बसायचे. ‘हं’, ‘नको’, ‘बघू’, यापलीकडे त्यांची गाडी क्वचितच जायची.

जन्मतः ते असे नव्हते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी काकू दुपारी डबा घेऊन स्थानकावर जायच्या. निवेदकाची खोली लाकडी फळ्यांची, जेमतेम दोन माणसं मावतील एवढी. टेबलावर मायक्रोफोन, त्याच्या बुडाशी एक बटण. एका दुपारी काकांनी सूचना संपवली, बटण बंद केलं असं त्यांना वाटलं, आणि मागे वळून ते नव्या बायकोला म्हणाले, “तू दारात दिसलीस ना, की बरं वाटतं गं. सकाळपासून माझं लक्ष दाराकडेच असतं.”

बटण चालू होतं. सगळ्या फलाटांवर, प्रतीक्षालयात, उपाहारगृहात, मुताऱ्यांतसुद्धा ते वाक्य खणखणीत ऐकू गेलं. आणि मग जो हशा उसळला! कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्टी मारली, एका ड्रायव्हरने लांबलचक हॉर्न दिला. वरिष्ठांनी बोलावून चांगलं झापलं ते वेगळंच. त्या दिवसापासून ड्रायव्हर-कंडक्टरांत काकांचं नाव पडलं ‘बरंवाटतं’. “काय बरंवाटतं, आज आमची गाडी वेळेवर का?” निवृत्तीच्या दिवशी हार घालतानासुद्धा कुणीतरी ते म्हणालंच.

काकांनी कानाला खडा लावला. पुन्हा म्हणून त्यांच्या तोंडून तसलं वाक्य निघालं नाही. स्थानकात नाही, घरात नाही, दोघंच असताना नाही. आपल्या आसपास कुठेतरी बटण चालूच आहे, असं समजून ते जगले.

आणि काकू? त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात सुंदर दिवस होता. लोक हसत होते तेव्हा त्या डबा छातीशी धरून उभ्या होत्या, कान तापले होते, आणि त्यांना वाटत होतं, हसा, हवं तेवढं हसा, तुमच्याबद्दल म्हटलंय का कुणी असं? नवऱ्याला त्या दिवसाची लाज वाटते हे कळायला त्यांना बराच काळ लागला. तोवर त्या तसल्याच दुसऱ्या वाक्याची वाट पाहत होत्या. मुलगा झाला, शिकला, परगावी गेला, तरी वाट पाहतच होत्या. काका वाईट नव्हते हो. डोळ्यांत औषधाचे थेंब तेच घालायचे, रस्ता ओलांडताना काकूंचं कोपर तेच धरायचे, आणि त्यांच्या चपला उंबऱ्यापाशी सरळ करून ठेवायचे. पण माणसाला कानही असतात ना. काकूंच्या कानांची भूक कधी भागली नाही, आणि वय वाढलं तशी ती कमी होईल हा त्यांचा अंदाजही चुकला.

तिसरा भाग आला तेव्हा अक्षरं त्या डागात बुडाली होती. काका नुकतेच निवृत्त झाले होते. एका दुपारी त्यांनी काही न बोलता पुस्तक उचललं, चष्मा लावला आणि घसा साफ केला. “प्रकरण पहिलं,” ते म्हणाले. “प्रकरण पहिलं.” दोनदा, कारण महत्त्वाची सूचना दोनदा द्यायची असते.

त्यांचं वाचन ऐकण्यासारखं होतं. मत्स्यराजाचा रथ दरबाराकडे रवाना व्हायचा. वादळ नियोजित वेळेच्या आधी दाखल व्हायचं. राजाची म्हातारी आई मेली तेही त्यांनी असं वाचलं, की काकूंना वाटलं, आता फलाट क्रमांकही सांगतील. पण त्या रोज दुपारी भांडी आवरून, हात पुसून समोर बसायच्या आणि खिडकीकडे तोंड करून ऐकायच्या.

फक्त एक गोष्ट त्यांना खटकायची. धाकटा आणि मिठागरवाली दीर्घ ताटातुटीनंतर भेटत, तो तिचा हात हातात घेई, आणि काका खाकरून वाचत, “आणि मग ते बोलत बसले.” लगेच दुसऱ्या दिवशीची सकाळ. दर वेळी तेच. तिसऱ्या भागात बोलत बसले, चौथ्यात बोलत बसले, पाचव्यात तर समुद्राखालच्या गुहेत वादळामुळे दोघं अडकली, आणि तिथेही बोलतच बसली. काकूंनी मनाशी ठरवलं, लेखिका म्हातारी झाली असावी. किंवा सासू झाली असावी.

गल्लीच्या टोकाला लायब्ररी होती. ती चालवणाऱ्या लायब्ररीबाई गप्पिष्ट, त्यांच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. पाचवा भाग परत करायला काकू एकट्याच गेल्या तेव्हा बाईंनी खुर्ची पुढे ओढली. “काय काकू, गुहेतलं प्रकरण कसं वाटलं? मी तर बाई दोनदा वाचलं.”

“कुठलं? ते बोलत बसतात ते?”

“बोलत?” लायब्ररीबाईंची खुर्ची करकरली. “काकू, अठरा पानं आहेत ती! त्यात बोलतात फार तर दोन!”

मग सगळा उलगडा झाला. लायब्ररीबाई पोट धरून हसल्या आणि काकूही हसल्या, कारण आपल्या नवऱ्याचा तो खाकरा त्यांच्या कानात घुमत होता. बिचारा! समोर अठरा पानं, आणि हा पठ्ठ्या उडी मारून पलीकडच्या सकाळी! बाईंनी आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्यांना दोन पानं वाचूनही दाखवली. धाकटा म्हणत होता की पाण्यात सगळं हलकं होतं, फक्त तुझी आठवण जड होते.

काकूंचं हसू तिथे थांबलं. वाक्य छान होतं. लायब्ररीबाईंनी वाचलंही मनापासून. पण त्यांना ते भिडलं नाही. त्यांना ते त्या एकाच आवाजात हवं होतं, ज्याने गावाला आयुष्यभर हजार गोष्टी सांगितल्या आणि त्यांना एकच, तीही चुकून. पुस्तकातलं चालेल, दुसऱ्या कुणासाठी लिहिलेलं चालेल. फक्त आवाज त्याचा हवा. घरी जाताना त्यांनी स्वतःला हे स्पष्ट सांगून टाकलं, आणि या वयात एवढंसं मागायची लाज वाटली म्हणून त्या रस्त्यात थोड्या रडल्याही.

सहावा भाग आला. शेवटचा. काकांनी तो हातात तोलून पाहिला आणि म्हणाले, “हा झाला की बास. मुलाने फोनमध्ये ते वाचणारं घालून दिलंय, पुढे ते वाचेल. त्याला खोकलाही येत नाही.” काकूंनी हिशेब केला. म्हणजे आता काय ते या एका पुस्तकात.

अधीर होऊन त्यांनी लायब्ररीबाईंना शेवट विचारला. बाई आधी नाही नाही म्हणाल्या आणि मग सगळं सांगून मोकळ्या झाल्या. “जातो हो तो. ती म्हणते, जा, आणि तो जातो. शेवटचा खवला घेऊन छातीभर पाण्यात उभा राहतो, एकदाही मागे बघत नाही. एक शब्द बोलावा म्हणून माझा जीव वरखाली होत होता. नाही बोलला मेला! पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं, की पुस्तक संपलं.”

म्हणजे शेवटाकडून आशा नव्हतीच. राहता राहिला मधला भाग. तिथे वाळूच्या बेटावर दोघं रात्रभर एकत्र असतात, असं बाई म्हणाल्या होत्या. ते प्रकरण आलं त्या दुपारी काकू नेहमीपेक्षा ताठ बसल्या. धाकट्याने तिचा हात धरला. काका खाकरले.

“आणि मग ते बोलत बसले.”

“काय बोलत बसले?” काकूंनी विचारलं.

“आं? असंच. इकडचं तिकडचं. पाऊसपाण्याचं.”

“माशाला कशाला हवंय हो पाऊसपाण्याचं?” काकूंचा आवाज चढला. “मला माहीत आहे तुम्ही पानं गाळता ते. गुहेतली अठरा गाळलीत.”

काकांनी पुस्तक मिटलं. “ते मोठ्याने वाचण्यासारखं नाही,” ते म्हणाले.

“मग छापलं कशाला?”

“छापणाऱ्याचं काय जातंय, त्याला वाचून दाखवावं लागत नाही.”

एरवी काकू यावर हसल्या असत्या. “मला पानं नकोत हो,” त्या म्हणाल्या. “तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. पुस्तकातलं का होईना. एवढ्या वर्षांत तेवढं एक मागितलं असतं, पण मागून मिळवलं तर त्यात काय राहिलं, म्हणून गप्प बसले. आता तर पुस्तकही संपत आलं.”

काका उठले आणि झाडांना पाणी घालायला गेले. सकाळीच घातलेलं होतं. पुढचे काही दिवस पुस्तक तिपाईवर तसंच पडून राहिलं. दोघं जेवत होती, औषधाचे थेंब पडत होते, चपला सरळ होत होत्या. वाचायचं नाव कुणी काढेना. फोनमधलं लावू का, असं काकांनी एकदा विचारलं. काकू नको म्हणाल्या.

मग एका दुपारी काका आपणहून येऊन बसले. चष्मा लावला. परत उठले, खिडकी लावली, दाराची कडी घातली, कुणाला काही ऐकू जात नाही ना याची खात्री करून घेतली. “प्रकरण शेवटचं,” ते म्हणाले. मधली सगळीच पानं त्यांनी ओलांडली होती. संपवायचंच आहे तर संपू दे, असं काकूंच्या मनात आलं.

ओहोटी लागली. मिठागरवाली वाफ्याच्या बांधावर उभी राहिली आणि म्हणाली, जा. धाकटा पाण्यात उतरला. गुडघाभर, कमरेएवढ्या, छातीएवढ्या. काका नेहमीच्या खणखणीत आवाजात वाचत होते, जणू गाडी सुटत होती. काकूंना पुढचं ठाऊक होतं. आता पाणी डोक्यावरून जाणार.

“धाकटा थांबला,” काका म्हणाले.

काकूंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“थांबला. मागे वळला. म्हणाला...” आवाजातला खणखणाट कुठेतरी गेला होता. “म्हणाला, मला बोलता येत नाही. एकदा बोललो होतो तर सगळे हसले. तेव्हापासून मनात आलं की गिळून टाकतो. आता इतकं साठलंय की कुठलं आधी सांगावं ते कळत नाही. सकाळी तू उठतेस ना, तेव्हा मी जागाच असतो. डोळे मिटून पडून राहतो. तू चहाचं भांडं फळीवरून काढतेस, तो आवाज ऐकू आला की मगच उठतो. एखाद्या दिवशी तो आलाच नाही तर, याची मला फार भीती वाटते.”

मिठागरात चहाचं भांडं कुठून आलं, हे काकूंनी विचारलं नाही.

“आणि तुझे डोळे गेले असं डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी तुला सांगितलं की नळ दुरुस्त करायला माणूस बघून येतो. नळ चांगला होता. मी कोपऱ्यावर जाऊन रडलो. तुला आता माझं तोंड दिसणार नाही, म्हणून रडलो. स्वार्थीच म्हणायचं. तू माझ्याकडे बघायचीस ते मला आवडायचं. कधी म्हटलं नाही.”

काकूंनी सावकाश मान वळवली आणि बंद खिडकीकडे पाहिलं. नजरेच्या कडेला काका आले. पुस्तक मिटून तिपाईवर ठेवलेलं होतं, त्याच्यावर चष्मा होता, आणि काकांचे दोन्ही हात मांडीवर रिकामे होते. ते तिच्याकडे पाहत होते, आणि तिला दिसत नाही असं त्यांना वाटत होतं.

काकूंच्या मनात आलं, आत्ता म्हणावं, मला कळलंय, आता मलाच सांगा, तिला नको. ओठांपर्यंत आलं. पण त्यांना हा माणूस ठाऊक होता. बटण चालू आहे असं एकदा कळलं, तर तो पुन्हा आयुष्यभर गप्प बसेल, आणि आता उरलेलं आयुष्य तेवढं लांब नव्हतं. त्या हलल्यासुद्धा नाहीत. काका बोलत राहिले. मध्ये थांबत होते, शब्द शोधत होते, एकदा तर चक्क पान उलटल्याचा आवाज यावा म्हणून त्यांनी वर्तमानपत्र हलवलं. काकूंचे गाल भिजत होते आणि त्या खिडकीकडे बघत होत्या.

“संपलं,” काका शेवटी म्हणाले.

काकूंनी डोळे पुसले.

“मग ती काय म्हणाली?”

“कोण?”

“मिठागरवाली. हा एवढं बोलला, त्यावर ती काही म्हणाली असेल की नाही?”

काकांनी चष्मा उचलला, पुन्हा ठेवला. “ते दिलेलं नाही,” ते हळूच म्हणाले.

“मी सांगू?”

मिठागरवाली पहिल्या भागापासून धाकट्याला ‘अरे’ म्हणत आली होती, हे काकूंना नीट ठाऊक होतं.

“ती म्हणाली,” काकू म्हणाल्या, “अहो, मी तर इथेच होते. सगळी वर्षं.”